कृष्णनाथबाबांची तक्रार

सगळा वाडा कृष्णनाथ परबांना चिकट म्हणायचा, आणि त्यात सगळ्या वाड्याची चूक होती. माणूस चिकट नव्हता, हट्टी होता. देवळाच्या छपराला सगळ्यांत मोठी वर्गणी त्यांची होती. पण एखादी गोष्ट एकदा डोक्यात बसली, की ती काढायला प्रत्यक्ष देवकीकाकीसुद्धा असमर्थ, आणि देवकीकाकींनी त्यांच्याशी बेचाळीस वर्षं संसार केला होता.

तर झालं असं, की फेब्रुवारीत विहिरीच्या काठावर पाय घसरून देवकीकाकी पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. कृष्णनाथबाबांना स्वयंपाकातली एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे पेज. सकाळी पेज झाली, दुपारी जरा घट्ट पेज झाली, रात्री जरा पातळ पेज झाली. चौथ्या दिवशी काकींनी पुण्याला लेकाला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "सर्वेश, तुझ्या बापायक कायतरी सांग. ना जाल्यार हांव मरतलें."

सर्वेशने पुण्यात बसून बापाच्या फोनात ॲप घातलं, पत्ता घातला, बाजारातल्या गोकुळदासची खानावळही शोधून दिली. मोपाला विमानं उतरायला लागल्यापासून ही ॲपवाली मंडळी पेडण्यातसुद्धा फिरायला लागली होती. कृष्णनाथबाबांनी चष्मा लावून बिल वाचलं. दोन माशांची जेवणं, ते ठीक. खाली पोचवण्याचे पासष्ट रुपये. त्याच्या खाली कसला तरी आणखी आकार, आणि त्याच्याही खाली एक हसरा चेहरा विचारत होता की टिप किती देणार?

"पोदेर सायकल मारून दारात पाव हाडता, तो कधी पासष्ट रुपये मागता?" ते फोनवर ओरडले. "आनी हांगा पासष्ट घेवन वयल्यान परत हात पसरता!"

"बाबा, ते पासष्ट कंपनीचे. टिप त्या माणसाला मिळते. वीस-तीस देत जा. उन्हातून येतात बिचारे."

"बिचारो कित्याक? काम करता तो, भीक मागीना!"

आता इथे त्यांचा हट्ट समजून घ्यायला हवा. कृष्णनाथबाबांचे वडील मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारे आणि त्याच्या शब्दावर उठणारे-बसणारे. वर्षभर माडांना पाणी घालायचं, नारळ पाडायचे, आणि सणाच्या दिवशी भाटकाराच्या सोप्याखाली जाऊन उभं राहायचं. भाटकार आरामखुर्चीतून न उठता दोन नाणी खाली टाकायचा. वडील वाकून ती उचलायचे आणि वर हसायचेही. सात वर्षांच्या कृष्णनाथला त्या नाण्यांपेक्षा ते हसू जास्त लागलं. पुढे एकतीस वर्षं त्यांनी केरी-तेरेखोलची फेरीबोट चालवली. पर्यटक खूश होऊन नोटा पुढे करत आणि कृष्णनाथबाब त्या परत करत. कामाचा पगार मागून घ्यावा, भांडून घ्यावा, पण खुशालीचे पैसे घेऊ नयेत आणि कुणाला देऊन त्याला वाकवूही नये. हे त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कुणालाही समजावून सांगितलं नव्हतं. त्यामुळे वाड्याला ते चिकटच वाटत.

पहिल्या दिवशी जेवण घेऊन आली ती एक बाई. पस्तिशीची, हेल्मेट, वर ऊन लागू नये म्हणून नाकावरून बांधलेली ओढणी. नाव फोनात आलं होतं, अश्विनी गवस. परबांचं घर रस्त्यापासून खाली, चिऱ्याच्या अरुंद उतरणीवर. कुरियरवाले वरूनच हाका मारायचे, "काका, वयर येवन व्हरा!" ही बाई मात्र इंजिन हळू ठेवून, मागच्या ब्रेकवर स्कूटर तोलत सावकाश खाली आली. अंगणात आल्यावर आधी स्कूटर फिरवून तोंड वर रस्त्याकडे केलं आणि मगच उतरली. कृष्णनाथबाब सोप्यावरून बघत होते. भरतीच्या ओढीत बोट धक्क्याला लावताना ते स्वतः असंच करायचे. आधी परतीची सोय, मग माणसं उतरवायची. हे शिकवून येत नाही.

तिने पिशवी काढली. हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, डबा एका जुन्या टॉवेलात गुंडाळून दोन पाण्याच्या बाटल्यांच्या मधे उभा केलेला. सोलकढी वेगळ्या कप्प्यात, गरम जेवणापासून लांब. झाकणाला रबर दोनदा घातलेलं. एक थेंब सांडला नव्हता.

"ह्यो टॉवेल खानावळीचो?" कृष्णनाथबाबांनी विचारलं.

"नाय ओ काकानू, माझो. रस्ते बगलास मा? हुमण पिशयेत गेला तर मानसान खावचा काय?" तिने दारात बसलेल्या काकींच्या हाताकडे पाहिलं. "प्लॅस्टर? मगे गोळये चालू असतीत. उद्या गोकुळदासाक सांगतंय, काकींच्या ताटात तिखट कमी घाल म्हणान."

आणि खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून एका डब्यावर पेनाने फुली यायला लागली. फुलीचा डबा काकींचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि याचे तिला कुणी पैसेही देत नव्हतं.

दुपारी गोकुळदासकडची जेवणं तीच उचलायची, त्यामुळे रोज तीच येई. दोन आठवडे गेले. साडेबारा वाजले की कृष्णनाथबाब सोप्यावर येऊन बसत आणि काकी आतून म्हणत, "जेवणाची वाट पळयतात काय स्कूटराची?" खरं सांगायचं तर दोन्हीची. निवृत्त झाल्यापासून चांगलं काम डोळ्यांसमोर होताना त्यांनी पाहिलं नव्हतं. हल्ली सगळ्यांचंच काम फोनाच्या आत चालतं, बाहेरून काही दिसत नाही. इथे ते दिसत होतं. वाड्यावरची कुत्री तिने आठवड्यात वश केली होती. गॅसवाल्याचा टेम्पो उतरणीवर अडकला, तर पिशवी पाठीला लावून ती बांधावरून चालत आली, तीसुद्धा अशी की हुमण हललं नाही. कृष्णनाथबाब मनातल्या मनात वाहवा म्हणत. तोंडाने म्हणायची त्यांना सवय नव्हती.

टिप मात्र त्यांनी दिली नाही. हसऱ्या चेहऱ्याच्या खाली शून्य दाबायचे आणि मान ताठ करायचे. तिला वाकवायचं नव्हतं ना!

एके दिवशी पाणी पिताना त्यांनी विचारलं, "त्या पासष्टांतले तुका कितले गावतात गे बाय?"

"कधी पंचवीस, कधी तीस. अंतरावर असता."

"अंतर तर सात किलोमीटर आसा!"

ती हसली. "माका सात, फोनाक तीन. फोन सरळ रेघ मारता. मधे खाडी असा ती तेका दिसत नाय. मी पुलावरसून फिरान येतंय, आणि फोन सांगता, तीन किलोमीटरांक इतको येळ कित्या लागलो?"

कृष्णनाथबाबांच्या कपाळाची शीरच उडाली. एकतीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला कुणी सांगावं की मधलं पाणी मोजायचंच नाही! त्या रात्री ते जेवले नीट, पण झोपले नाहीत. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की तक्रार करायची. टिप देणं हे काही उत्तर नव्हे. हक्काचे पैसे मिळायला हवेत. नोकरीत असताना बोटीचा खराब पंखा, धक्क्यावरचं शेवाळ, ओव्हरटाइम, सगळ्यासाठी त्यांनी तक्रारअर्ज केले होते आणि पाठपुरावा करून मंजूर करून घेतले होते. अर्ज वर जातो, वरचा माणूस वाचतो, खाली उत्तर येतं. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, त्याला यात शंका कसली?

ॲपमध्ये तक्रारीचं पान सापडायला अर्धा तास गेला. तिथे तीनच चौकटी होत्या. जेवण थंड आहे, पदार्थ कमी आले, आणि जेवण पोचवणाऱ्याबद्दल. कंपनीबद्दल अशी चौकटच नव्हती. कृष्णनाथबाबांनी विचार केला, विषय पोचवणाऱ्याचाच आहे, म्हणून तिसरी चौकट दाबली. खाली बोटाने एकेक अक्षर टिपत अर्ज लिहिला. खाडीचा उल्लेख केला, पुलाचा केला, भरती-ओहोटीचासुद्धा केला. शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती" असं लिहून पाठवला.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, आपल्या पुढच्या ऑर्डरवर पन्नास रुपये सूट.

"पळय!" त्यांनी फोन काकींच्या नाकासमोर धरला. "दखल घेतली!"

"अर्ध्या मिणटांत एवडो अर्ज वाचलो?" काकी म्हणाल्या. "तुमच्या डिपार्टमेंटांत लिफाफो फोडूक आठ दीस लागताले."

बाईच्या जातीला शंकाच फार, असं म्हणून कृष्णनाथबाबांनी विषय बंद केला.

दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन दुसराच माणूस आला. वरूनच हाक मारली. हुमण पिशवीत सांडलेलं, फुली नाही, काकींना तिखटाने ठसका लागला. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा आला. चौथ्या दिवशी कृष्णनाथबाब छत्री घेऊन निघाले आणि बसने बाजारात जाऊन गोकुळदासच्या गल्ल्यासमोर उभे राहिले.

"अश्विनी? तिचो आयडी बंद केलो मरे," गोकुळदास म्हणाला. "कोण गिऱ्हाइकान तक्रार केली. सात दिवसांत ती खोटी ठरूक जाय, ना जाल्यार कायमचीच घरा. इतकी बरी बायल... कोणाक सुचता असलें, देव जाणे."

कृष्णनाथबाब जवळच्या बाकावर बसले. गोकुळदासने समोर पाणी ठेवलं ते तसंच राहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक माणूस पाण्यात पडला नव्हता, आणि आज एका अर्जाने त्यांनी एका बाईला ढकलून दिलं होतं. वर पन्नास रुपये सूट घेतली होती, ती वेगळीच.

गोकुळदासने तिचा पत्ता सांगितला, न्हयबागचा पूल ओलांडून सातार्ड्यात. ते तसेच बसने तिथे गेले. अश्विनी अंगणात मिरच्या वाळत घालत होती, स्कूटर पडवीत झाकून ठेवलेली. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यापासून तो मुरगावला बंदरात बदली कामगार होता, महिन्यातून दहा दिवस काम. बाकीचं घर त्या स्कूटरवर चालत होतं. आधी ती एका हॉटेलात भांडी घासायची. हे काम तिला आवडायचं, कारण यात शाळा सुटताना लेकीला आणायला जाता यायचं, असं तिने काकींना सांगितलेलं त्यांना आठवलं.

"बाय, ती तक्रार माझी," ते उभ्याउभ्याच म्हणाले. मान वर होईना.

तिने हातातल्या मिरच्या पसरून टाकल्या. मग म्हणाली, "काय चुकला माझा?"

त्यांनी फोन काढला आणि सगळा अर्ज वाचून दाखवला. खाडी, पूल, भरती-ओहोटी, योग्य ती कार्यवाही. वाचून झालं तेव्हा अश्विनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

"माझ्यासाठी इतक्या कोणी लिव्हला नाय ओ. माझ्या घोवान पण नाय." मग तिने डोळे पुसले आणि हसू गेलं. "पण काकानू, एक शब्द माका इचारूक होयो होतो. आमका ठावक असा, तेंका तक्रार नको, नुसतो माणूस होयो असता कापूक. तुमी इचारला असतास तर मी सांगलंय नसतंय?"

कृष्णनाथबाबांच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतलं. तिला टिप द्यायची नाही, हे त्यांनी तिला न विचारता ठरवलं. तिच्यासाठी भांडायचं, हेही न विचारता ठरवलं. भाटकार याहून वेगळं काय करायचा? त्यालाही वाटायचं की आपण यांचं भलंच करतोय.

"चूक जाली," ते म्हणाले. "आता सांग, हांव कितें करू?"

"उद्या म्हापशेक येवा. तेंचा हापिस असा."

म्हापशाला कंपनीचं ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, चार खुर्च्या, आणि तुषार नावाचा टाय लावलेला मॅनेजर. कृष्णनाथबाब इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. त्यांनी आपण कोण ते सांगितलं, तक्रार चुकीच्या चौकटीत गेली हे सांगितलं, ती मागे घेतो म्हणाले. तुषारने मान हलवली. गिऱ्हाइकाला तक्रार मागे घ्यायची सोयच नाही म्हणाला. सिस्टीम आहे, माझ्या हातात काही नाही.

"सायबा," कृष्णनाथबाब म्हणाले, आणि कुणाहीपुढे न जोडलेले त्यांचे हात एकमेकांजवळ यायला लागले. "चूक माझी. तुमका काय करूंक जाय तें म्हाका करा..."

"काकानू, हात खाली करा," अश्विनी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हात खाली आले. "मी हय उपकार मागूक येवक नाय. माझा काम मागूक इलंय."

तिने खुर्ची ओढून घेतली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि फोन उघडला. "साहेब, अकरा महिने झाले. ही बघा, प्रत्येक ऑर्डर दारात ठेवल्यावर फोटो काढायचा असं तुमचाच नियम सांगतो. सगळे काढलेत. डबा बघा, झाकण बघा, वेळ बघा." ती आता ऑफिसातलं मराठी बोलत होती, एकेक शब्द तोलून. "अकरा महिन्यांत सांडल्याची तक्रार शून्य. ही एकच तक्रार, आणि ती माझ्याविरुद्ध नाहीच. वाचा तुम्ही. नाही, तुम्ही मोठ्याने वाचा."

तुषारने आधी कपाळाला आठी घातली, मग वाचायला लागला. खाडीपाशी तो थांबला. अश्विनीने तेवढ्यात नकाशा उघडून त्याच्यासमोर ठेवला.

"ही तुमची रेघ. ह्या रेघेवरून स्कूटर चालवून दाखवा. मी तुम्हाला माझी स्कूटर देते."

शेजारच्या टेबलावरची मुलगी फसकन हसली. तुषारलाही हसू आलं आणि हसल्यावर माणूस जरा मऊ होतोच. त्याने दोन फोन केले, बराच वेळ काहीतरी टाइप केलं, आणि शेवटी म्हणाला की तक्रार चुकीच्या सदरात नोंदली गेल्याचं त्याने लिहिलंय, आयडी आज संध्याकाळपर्यंत सुरू होईल. अंतराचं तो वर कळवील. कधी सुधारेल ते सांगता येणार नाही.

"कळवा," अश्विनी म्हणाली. "मी दर सोमवारी इचारूक येतलंय."

कृष्णनाथबाब खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. असा अर्ज त्यांना उभ्या आयुष्यात करता आला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. जिना उतरताना ते मोठ्याने म्हणाले, "वाहवा गे बाय! वाहवा!" खाली रसाच्या गाड्यावरचा माणूस वळून बघायला लागला.

परत येताना ते तिच्याच स्कूटरवर मागे बसले. अंगणात उतरल्यावर देवकीकाकी दारात आल्या. कृष्णनाथबाब घसा खाकरून म्हणाले, "बाय, आता तुका इचारतां. टिप दिली तर तुका लाज दिसता?"

अश्विनीने हेल्मेट काढलं आणि त्यांच्याकडे रोखून बघितलं. "आदी दुसरा सांगतंय. चार दिवस माझो रोज बुडालो, तो तुमच्यामुळे. तो तुमी भरूक होयो. ती टिप न्हय, ता माझा येणा." तिने आकडा सांगितला. कमी नाही, जास्त नाही.

"आनी टिप?"

"ती तुमका माझा काम आवडला असात तर देवा. माका लाज कसली? माका बरा वाटता. पण त्या फोनातलो बटन दाबू नकात. लोक बटन दाबतत आणि दार लावन घेतत. देवचीच असात तर माझ्याकडे बगान देवा."

ते आत गेले, कपाटातून पैसे काढले, आणि बाहेर येऊन आधी चार दिवसांचा रोज तिच्या हातात दिला. तिने तो मोजून घेतला. मग त्यांनी वेगळी शंभराची नोट काढली आणि तिच्याकडे बघत पुढे केली. ती वाकली नाही. नोट घेतली, "बरा" म्हणाली, दोन्ही पैसे दोन वेगळ्या खिशांत घातले आणि काकींना विचारलं, "उद्या काय हाडू, बांगडो काय सुंगटा?"

स्कूटर उतरण चढून गेल्यावर काकींनी विचारलं, "कितले दिले तिका?"

"तिचें तिका दिलें," कृष्णनाथबाब म्हणाले, "आनी वयल्यान थोडें म्हजें दिलें."

आणि सोप्यावर बसून ते उद्याची ऑर्डर आजच घालता येते का, ते फोनात शोधायला लागले.